वाणात गेलेली टोपी

"दाखवली कशाला म्हणतेस, दिलीच की मी," चतुराबाई म्हणाल्या आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या. "संक्रांतीला वाण म्हणून. महिला मंडळातल्या सगळ्या बायांना एकेक."

योगिनीच्या हातातला चहाचा कप होता तिथंच राहिला. सासूबाईंवर ओरडावं की आधी खुर्चीत बसून घ्यावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती बसली.

आता ही टोपी म्हणजे डोक्यावरची नव्हे. ज्या घरात कुकरमध्ये वरण शिजतं त्या घरात हा वैताग सगळ्यांना ठाऊक आहे. शिट्टी होते आणि तिच्याबरोबर डाळीचं पिवळं पाणी ओट्यावर, भिंतीवर, शेजारच्या पातेल्यातल्या दुधात. कुकरवाल्या कंपन्यांनी आजवर झाकणं बदलली, दांडे बदलले, रंग बदलले. ओटा पुसायचा मात्र आपला आपणच. योगिनी शिकलेली मेकॅनिकल इंजिनिअर. हैदराबादेतल्या विद्यानगरच्या माहेरी आईला ओटा पुसताना बघितलं, मलकपेठेच्या सासरी सासूला पुसताना बघितलं, मग स्वतः पुसला, आणि एक दिवस तिचं डोकं फिरलं. नोकरी सोडून तिनं शिट्टीच्या बुडाशी बसणारी सिलिकॉनची टोपी करायला घेतली. टोपीच्या अंगाला तिरक्या फटी. वाफ फटींतून सरळ बाहेर जाते, डाळीचा फेस आतल्या आत फिरून परत कुकरमध्ये उतरतो. ऐकायला सोपं. पण वाफ जरा जरी अडली तर कुकर फुटायचा, त्यामुळे फटींचा तिरकेपणा जमवण्यात दोन वर्षं गेली. बालानगरचा साचेवाला तर तिला लांबून बघूनच शटर ओढायच्या बेतात यायचा.

आणि टोपी जमली. पुण्याच्या एका कुकरच्या कंपनीनं ती बघायच्या आधी गुप्ततेचा करार केला, बघितली, आणि म्हणाली, आम्ही बनवतो, तुमच्या परवान्यानं, तुमचं नाव खोक्यावर छापून. अट एकच, पेटंट साफ हवं. त्यासाठी एक जबाब लिहून द्यायचा होता. अर्ज भरण्यापूर्वी ही वस्तू कुणाला विकली आहे का, दाखवली आहे का, दिली आहे का. योगिनीनं तिन्ही ठिकाणी नाही लिहिलं होतं. सही करायच्या आधी चहा घेऊ म्हणून ती स्वयंपाकघरात आली होती, आणि सहज म्हणून सासूबाईंना म्हणाली होती, "आपली टोपी आपण कुणाला दाखवलेली नाही, बरं झालं."

"आई, पण कुठून दिल्यात तुम्ही?"

"माळ्यावर खोकं नव्हतं का भरलेलं? यंदा म्हटलं प्लास्टिकचे डबे नको. ते देऊन देऊन बाया कंटाळल्या. आपल्या सुनेनं केलेली वस्तू देऊ. अशी काय बघायलीस माय? काही चुकलं का?"

चुकलं तर खरंच, पण त्यांचं चुकलं असं तोंड वर करून म्हणायची सोय नव्हती. कारण पेटंटची गोष्ट निघाली त्या दिवसापासून विक्रमचं, म्हणजे योगिनीच्या नवऱ्याचं, एकच म्हणणं होतं: आईला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारी कळलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मलकपेठेला कळेल. योगिनीलाही ते पटलं होतं. त्यामुळे घरातल्या कुकरवर टोपी रोज नाचत होती, चतुराबाई तिच्याखाली रोज वरण शिजवत होत्या, पण ती गुपित आहे हे त्यांना सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं.

हिमायतनगरला मिठाईच्या दुकानावर प्रमोदचं ऑफिस. हा पेटंटचा एजंट. माणूस चांगला, पण कायदा सांगताना डॉक्टरसारखा चेहरा करायचा. वाणाचं ऐकून त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अर्ज पाडव्याला भरला आपण. वाण संक्रांतीला गेलं. म्हणजे आधी."

"ते कळलं मला."

"मी तर पौषातच कागद तयार ठेवले होते."

"तेही कळलं मला, प्रमोद."

पौषात कागद तयार होते, हे खरं. पण योगिनीचे सासरे एकनाथराव म्हणाले होते, पौषात नवीन काम नको. पौषात आमच्या वडिलांनी कधी दुकानाचं कुलूपसुद्धा बदललं नाही. पाडव्याला भरू, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे. विक्रमनं मान हलवली. भांड्यांचं दुकान सासऱ्यांचं, साच्याचं काम दुकानाच्या जिवावर चाललेलं, रोज उठून घरात वाद कुठे घालायचा म्हणून योगिनीनंही हलवली. आणि ज्या पौषात अर्ज भरायला चालत नव्हता, त्याच पौषात वाण लुटायला मात्र चालत होतं.

"चाचणीसाठी दिली असं म्हणता नाही येणार?" बरोबर आलेल्या विक्रमनं विचारलं. "कायद्यात चाचणीला सूट असते असं मी वाचलंय."

"असते," प्रमोद म्हणाला. "पण चाचणी करणाऱ्यांना तिळगूळ देऊन, हळदीकुंकू लावून, ओटी भरून चाचणी केली असं कुणाला सांगू?" त्यानं चष्मा परत घातला. "एक काम करा. कुणी वापरली का ते बघा. पाकिटं उघडलीच नसतील, आत काय आहे हे कुणाला कळलंच नसेल, तर भांडायला निदान जागा आहे. वाणाचं तर तुम्हाला माहीतच आहे. वापरतं कोण?"

यात तथ्य होतं. वाण कोण वापरतं? आलेलं वाण कपाटात जातं, पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी जातं. चार वर्षांनी आपलीच वाटी आपल्याकडे परत आली असंही होतं. योगिनीच्या मनात जरा आशा आली. आपण दोन वर्षं रक्त आटवून केलेली वस्तू कुणी हातातसुद्धा घेतली नसावी, अशी प्रार्थना करायची वेळ आपल्यावर आली आहे, हे तिच्या लक्षात आलं. पण प्रार्थना तिनं केली.

श्रावणातली मंगळागौरीची आमंत्रणं द्यायची म्हणून चतुराबाई निघाल्याच होत्या. योगिनी बरोबर गेली. पहिलं घर विद्यानगरला. तिथल्या वहिनींनी दिवाणखान्यातलं कपाट उघडलं. आत मागच्या कैक संक्रांती गोळा झालेल्या. चमचे, कंगवे, पर्स, गाळण्या. तळाशी टोपी, पाकिटावरचं हळदीचं बोट तसंच.

"छान आहे हं वस्तू," त्या म्हणाल्या. "काय आहे ही?"

योगिनीनं रिक्षात बसल्या बसल्या प्रमोदला फोन लावला. "उघडली नाही? उत्तम," तो म्हणाला. दुसऱ्या घरी टोपी उलटी करून तिच्या फटींत अगरबत्त्या खोचल्या होत्या. देवघरात, बाळकृष्णासमोर. राख नेमकी टोपीत पडते म्हणून त्या बाई फार खूश होत्या. "अगरबत्ती? फार उत्तम," प्रमोद म्हणाला. तिसरं घर मंगलाताईंचं. त्या मूळच्या पुण्याच्या, नवरा मोठ्या आयटी कंपनीत, घर कसं मासिकातल्यासारखं. त्यांनी टोपी नातीच्या बाहुलीला घातली होती. प्रमोद फोनवर हसायला लागला. "मॅडम, असंच चालू राहू द्या."

असंच चालू राहू द्या. योगिनीला फोन रस्त्यावर फेकून द्यावासा वाटला. एकीलाही कळू नये? पाकिटावर चित्र नव्हतं हे मान्य, पण डोकं तर होतं ना प्रत्येकीला. इकडे चतुराबाईंचाही चेहरा उतरत चालला होता. कारण त्यांना अजून कुणी नीटसं सांगितलेलं नव्हतं. कुणी टोपी वापरली नाही की सून खूश होते, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि त्याचा अर्थ लावून लावून त्या परेशान झाल्या होत्या. रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "मी दिलेली वस्तू म्हणून तुला लाज वाटायलीय का गं?" योगिनी म्हणाली, तसं नाही आई, घरी गेल्यावर सांगते. आणि सांगायचं राहून गेलं.

शेवटचं घर त्रिवेणीबाईंचं. विद्यानगरच्या जुन्या वस्तीत, दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दारातूनच वास आला डाळीचा, आणि आतून शिट्टी झाली. योगिनीनं ती शिट्टी ओळखली. फेस अडवला गेला की शिट्टीचा आवाज जरा कोरडा येतो. दोन वर्षं तिनं तो आवाज ऐकला होता.

"ये ये, तुझीच आठवण काढत होते," त्रिवेणीबाईंनी तिचा हात धरून थेट ओट्याशी नेलं. "हे बघ. भिंत बघ. मार्चात रंग दिला, अजून एक डाग नाही. मी तर पहिल्या दिवशीच लावली. आधी भीती वाटली, म्हटलं वाफ अडली तर? मग नीट बघितलं. या फटी तिरक्या आहेत ना, त्यातून वाफ जाते, आणि फेस इथं आपटून खाली येतो. फार डोकं लावलंस गं. कुकरवाल्यांना इतकी वर्षं सुचलं नाही ते."

योगिनी भिंतीकडे बघत उभी राहिली. भिंत पांढरीशुभ्र होती. दोन वर्षांत एवढं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पुण्याच्या कंपनीनं नाही. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं, की आपलं पेटंट आत्ता, या ओट्यापाशी, मेलं.

"फक्त एक आहे हं," त्रिवेणीबाई पुढे म्हणाल्या. "धुताना आत डाळ अडकते. सुई घालून काढावी लागते. त्याचं बघ काहीतरी."

"बघते," योगिनी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

"आणि इतकं छान केलंस तर सांगायचं नाही का? शेवटी मीच व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फेब्रुवारीत. सगळ्यांनी फुलं पाठवली, तू एक अंगठासुद्धा दिला नाहीस."

तो ग्रुप योगिनीनं वर्षभरापूर्वी गप्प करून ठेवला होता. सकाळच्या गुलाबांना आणि सुविचारांना कंटाळून. तिनं तिथंच उभ्या उभ्या मोबाइल काढला, मागे मागे गेली. व्हिडिओ होता. त्रिवेणीबाई मास्तरणीच्या आवाजात टोपीची एकेक फट समजावून सांगत होत्या. शहरभरच्या मराठी बाया, त्यांच्या नांदेड-परभणीच्या बहिणी, सगळ्यांना तो पोचला होता; पुरता न बघताच सगळ्यांनी फुलं टाकून दिली होती. फक्त जिनं टोपी केली तिला तो आल्याचंही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर दिवाणखान्यात जे झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. विक्रम म्हणाला, काकूंना सांगू, व्हिडिओ काढून टाका म्हणून. विषय संपला. एकनाथराव म्हणाले, आपलीच माणसं आहेत, आपल्याविरुद्ध कोण उभं राहतंय? लिहून टाक नाही म्हणून.

"आणि उद्या कुणी उकरलं तर?" योगिनी म्हणाली. "खोटा जबाब माझ्या सहीचा असेल. आणि त्रिवेणीकाकूंना काय सांगू? काकू, तुम्ही वापरलीच नाही म्हणा? साऱ्या हैदराबादेत एका बाईला माझी वस्तू कळली. तिलाच मी तोंड बंद करायला सांगू?"

"आवाज खाली घेऊन बोल," विक्रम म्हणाला.

"नाही घेत. बाबा, पौषात नको म्हणालात. पौषातच गेली ना टोपी? आणि तू रे, आईला सांगू नको म्हणालास. सांगितलं असतं तर त्यांनी माळ्यावरच्या खोक्याला हात लावला असता का?"

स्वयंपाकघराच्या दारात चतुराबाई उभ्या होत्या. किती वेळ ते कुणाला माहीत नाही.

"म्हणजे ती कुणाला द्यायची नव्हती," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

"आई, तसं नाही..." विक्रम म्हणाला.

"तवाच सांगायचं ना रे. मी काय दुश्मन आहे का?"

त्या आत गेल्या. त्या दिवशी वरणाला फोडणी मिळाली नाही, आणि का नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

योगिनीनं जबाबात खरं ते लिहिलं. पुण्याहून साहेबांचा फोन आला. तुमच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटतं मॅडम, असं ते म्हणाले. असं म्हटलं की पुढे काय येतं हे शहाण्याला कळतं. वस्तू आधीच लोकांत गेलेली म्हटल्यावर परवाना कशाचा घ्यायचा? दिवाळीच्या आधी त्याच कंपनीचा विक्रेता टोप्यांचं खोकं घेऊन मलकपेठेत आला, आणि आला तोही एकनाथरावांच्याच दुकानात. रंगीत डबी, वर हसणाऱ्या बाईचं चित्र, आत तीच टोपी. जे आधीच लोकांत गेलं त्याला गुप्ततेचा करारही लागू होत नाही, त्यामुळे कायद्यानं त्यात काही चूक नव्हती. एकनाथरावांनी टोपी हातात घेऊन फिरवली, खोकं परत दिलं, आणि दुपारीच दुकान बंद करून घरी आले. घरून प्रमोदला फोन लावून, पुढे काही भरायचं झालं तर आता मला विचारत बसू नका, एवढं त्यांनी सांगितलं.

योगिनीनं दोन आठवडे टोपीच्या कामाला हात लावला नाही. मग एक दिवस कुकर धुता धुता तिच्या हातातली टोपी थांबली. आत डाळ अडकली होती. सुई घालून काढावी लागते, त्याचं बघ काहीतरी.

तिनं बघितलं. टोपी दोन भागांची केली. पीळ दिला की उघडते, नळाखाली धरली की साफ, आणि उलटी बसवायची म्हटलं तरी बसत नाही. बालानगरच्या साचेवाल्यानं या खेपेला शटर ओढलं नाही, त्यालाही वाईट वाटलं असावं. प्रमोद म्हणाला, जुन्या टोपीचं विसरा, पण हे उघडणं-मिटणं नवीन आहे, तेवढ्यापुरतं पेटंट मागता येईल. कागद करायला थोडे दिवस द्या.

पहिला नमुना हातात आला तशी योगिनी तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. विक्रमला सांगायच्या आधी.

"आई, हे गुपित आहे."

चतुराबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "म्हणजे कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. प्रमोदनं अर्ज भरेपर्यंत. तुमच्या बहिणीलासुद्धा नाही."

"त्रिवेणीबाईला? तिनंच तर सांगितलं डाळ अडकती म्हणून."

"त्यांनासुद्धा नाही. अर्ज भरला की मग कुणालाही सांगा."

चतुराबाईंनी टोपी उघडली, मिटली, परत उघडली. मग पदरानं पुसून पिठाच्या डब्यामागे ठेवली. "हौ," म्हणाल्या. विक्रमला नंतर कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. आता झालं, म्हणाला.

संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू या वर्षी मंगलाताईंकडे होतं. योगिनी गेली नाही, तिला टोपी हा शब्द चारचौघींत ऐकायचा नव्हता. चतुराबाई गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. आल्या त्या चप्पल काढून सरळ सोफ्यावर बसल्या. पिशवीतून त्यांनी एक रंगीत डबी काढली आणि टेबलावर ठेवली. वर हसणारी बाई.

"मंगलाबाईनं वाण दिलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना एकेक. नवीन निघालीय म्हणे, पुण्याच्या कंपनीची. बाया म्हणायल्या, काय शोध लावलाय. आणि ज्या बाईनं गेल्या वर्षी तिच्यात अगरबत्त्या लावल्या, ती म्हणायली मला हवीच होती. माझ्याकडे बघून म्हणायली."

"मग तुम्ही काय म्हणालात?" योगिनीनं विचारलं.

"काय म्हणणार? त्रिवेणीबाई उठली, म्हणाली ही तर चतुराबाईच्या सुनेची आहे. तर सगळ्या वळून मला विचारायल्या, मग आता सून काय करायलीय? नवीन काही? त्रिवेणीबाई तर मागेच लागली, डाळीचं काही झालं का, डाळीचं काही झालं का." चतुराबाईंनी कपाळाचा घाम पुसला. "मी तोंडात तिळाचा लाडू कोंबला. तो संपला की दुसरा. सहा लाडू खाल्ले माय मी. पोट दुखायलंय. आता तरी सांग, तो तुमचा कागद कधी भरणार?"

योगिनीनं विक्रमकडे बघितलं. विक्रमनं वडिलांकडे. एकनाथराव घसा खाकरून पेपरात तोंड घालून बसले.

"दुपारीच भरला, आई," योगिनी म्हणाली. "तुम्ही निघालात आणि अर्ध्या तासात प्रमोदचा फोन आला."

"आज? पौषात?"

"बाबांनीच सांगितलं, मुहूर्त नको, आजच भरा म्हणून."

चतुराबाईंनी नजर फिरवली. आधी सुनेकडे, मग नवऱ्याकडे, मग टेबलावरच्या हसणाऱ्या बाईकडे.

"दुपारी भरला," त्या म्हणाल्या. "आणि मला एक फोन करायचं कुणाला सुचलं नाही. ह्या घरात मला शेवटीच सांगायचं असं ठरलंय का तुमचं?"

उत्तराची वाट न बघता त्या उठल्या, पिठाच्या डब्यामागची टोपी काढली, मोबाइल उचलला आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"हॅलो, त्रिवेणीबाई? हौ, मीच. नीट बसून ऐका. ती डाळ अडकत होती ना..."